वीस टक्क्यांचा हिशेब पुरा मांडा

प्रति,
मा. केंद्रीय पेट्रोलियम व नैसर्गिक वायू मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली.

महोदय,



हे पत्र इथेनॉलच्या विरोधात नाही. हे आधीच सांगतो, कारण २०२५ साली ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलबद्दल ज्यांनी शंका विचारल्या त्यांना ‘ही पैसे देऊन चालवलेली मोहीम आहे’ अशा अर्थाचे उत्तर सरकारमधल्याच ज्येष्ठ मंत्र्यांकडून मिळाले. आमच्या घरचा ऊस आहे. वाळवे तालुक्यात भाऊ आजही ऊस करतो, कारखान्याचा सभासद आहे, आणि कारखान्याच्या इथेनॉलचे पैसे कधी येतात यावर आमच्या बिलाची तारीख पुष्कळदा ठरते. मी स्वतः पुण्यात नोकरी करतो आणि २०१२ सालची दुचाकी वापरतो. या धोरणाचा फायदा घेणारा आणि त्याची किंमत मोजणारा असे दोघेही एकाच घरात आहेत. म्हणून दोन्ही बाजूंनी बोलण्याचा थोडा अधिकार आहे असे मी मानतो.

फायद्यापासून सुरुवात करतो, कारण तो खरा आहे. २०१३-१४ मध्ये देशातल्या पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण जेमतेम दीड टक्का होते. जून २०२२ मध्ये ते १० टक्क्यांवर गेले, आणि २०३० साठी ठेवलेले २० टक्क्यांचे लक्ष्य २०२५ मध्येच गाठले गेले. एवढ्या मोठ्या देशाने आपल्या सगळ्या पेट्रोल गाड्यांचे इंधन दहा-अकरा वर्षांत इतके बदलणे ही साधी गोष्ट नाही. मळीची विल्हेवाट कशी लावायची हा एके काळी कारखान्यांपुढचा प्रश्न असायचा. आज तीच मळी पैसा देते. साखर विकून पैसे हाती यायला महिनोन् महिने लागतात, तेल कंपन्यांकडून इथेनॉलचे पैसे काही आठवड्यांत येतात. एफआरपी, म्हणजे उसाची रास्त व किफायतशीर किंमत, थकली म्हणून शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर अडवायचे, रास्ता रोको करायचा, हे आम्ही वर्षानुवर्षे पाहिले आहे. ते प्रमाण घटले, त्यात इथेनॉलचा मोठा वाटा आहे. हे श्रेय तुमच्या मंत्रालयाचे आहे आणि ते मनापासून देतो.

तक्रार आहे ती हिशेबाबद्दल. या बदलातून जे मिळाले ते देशाच्या खात्यावर मोठ्या अक्षरांत मांडले गेले. जे गेले ते कोणाच्या खिशातून गेले, किती गेले, हे मात्र कुठेच मांडलेले नाही. ते लाखो जुन्या गाड्यांच्या टाक्यांतून, थोडेथोडे करून गेले. कोणाला विचारलेही गेले नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये मंत्रालयाने आकडे दिले. २०१४-१५ पासून जुलै २०२५ पर्यंत १,४४,०८७ कोटी रुपयांचे परकीय चलन वाचले, २४५ लाख टन कच्च्या तेलाची गरज टळली, शेतकऱ्यांना सव्वा लाख कोटींच्या घरात रक्कम गेली. २० टक्के मिश्रण झाल्यावर एका वर्षात सुमारे ४३,००० कोटींचे परकीय चलन वाचेल आणि ४०,००० कोटी शेतकऱ्यांच्या हाती जातील, असेही सांगितले गेले. या आकड्यांवर मी अविश्वास दाखवत नाही. पण ही वहीची फक्त जमेची बाजू आहे. किराणा दुकानदारसुद्धा खर्चाची बाजू लिहिल्याशिवाय नफा सांगत नाही.

खर्चाच्या बाजूला पहिली नोंद इंधनाच्या ताकदीची. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश इतकीच ऊर्जा असते. त्यामुळे एक लिटर इथेनॉल मिसळले म्हणजे एक लिटर पेट्रोल वाचले, असे होत नाही. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त असतो हे बरोबर, आणि त्याचा लाभ घेणारे, जास्त दाबाचे इंजिन बनवले तर बराच तोटा भरून निघतो हेही बरोबर. पण ते इंजिन नव्या गाडीत. रस्त्यावर आधीपासून धावणाऱ्या गाडीच्या इंजिनाला तो ऑक्टेन काही कामाचा नाही. मंत्रालयाने सांगितलेली परकीय चलनाची बचत लिटरला लिटर धरून काढली की ऊर्जेला ऊर्जा धरून, एवढा एक खुलासा झाला तरी पुष्कळ शंका मिटतील.

याचे आकडे सरकारकडे नव्हते असेही नाही. नीती आयोग आणि आपलेच मंत्रालय यांच्या तज्ज्ञ समितीचा अहवाल जून २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. पंतप्रधानांनी तो प्रसिद्ध केला त्याच दिवशी पुण्यात तीन ठिकाणी शुद्ध इथेनॉलच्या पंपांचा प्रायोगिक प्रकल्पही सुरू केला होता, म्हणून आम्हा पुणेकरांना तो दिवस लक्षात आहे. त्या अहवालात स्पष्ट लिहिले आहे की मूळ साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई-१० साठी जुळवून घेतलेल्या चारचाकींचे मायलेज ई-२० मुळे ६ ते ७ टक्के घटेल, दुचाकींचे ३ ते ४ टक्के, आणि ई-१० साठीच बनवून ई-२० साठी जुळवलेल्या चारचाकींचे १ ते २ टक्के. समितीने दोन उपायही सुचवले होते. एक, ऊर्जा कमी मिळते म्हणून असे इंधन ग्राहकाला साध्या पेट्रोलपेक्षा स्वस्त मिळावे आणि त्यासाठी करात सवलत द्यावी. दुसरा, जुन्या गाड्यांसाठी ई-१० हे संरक्षक इंधन म्हणून पंपावर मिळत राहावे.

लक्ष्य समितीचे घेतले आणि ग्राहकासाठी सुचवलेले हे दोन्ही उपाय सोडून दिले. माझी मुख्य तक्रार हीच आहे. बाकी सगळे याच्याभोवती येते.

३-४ टक्के म्हणजे फार नाही, असे दिल्लीत वाटू शकते. तेव्हा एका माणसाचा हिशेब मांडतो. औषधांच्या दुकानांत माल पोहोचवणारा एक मुलगा आमच्या सोसायटीत राहतो. महिन्याला १,५०० किलोमीटर गाडी चालवतो. लिटरला ५० किलोमीटर धरले तर महिन्याला ३० लिटर पेट्रोल. ४ टक्के मायलेज घटले की तेच अंतर कापायला सव्वा लिटर जास्त. २०२५ मधला मुंबई-पुण्याकडचा १०३ रुपयांच्या आसपासचा दर धरला तर वर्षाला सुमारे दीड हजार रुपये. लिटरला १५ किलोमीटर देणारी जुनी कार वर्षाला १२,००० किलोमीटर चालत असेल आणि ६ टक्के घट धरली, तर वर्षाला ५० लिटर जास्त, म्हणजे पाच हजार रुपये. त्या जास्तीच्या लिटरवर गाडीवाला करही भरतो.

आता हेच देशभर पसरून पाहू. २०२४-२५ मध्ये देशात सुमारे ४ कोटी टन पेट्रोल खपले, म्हणजे ढोबळमानाने ५,४०० कोटी लिटर. दुचाकींची संख्या जास्त आणि नव्या गाड्यांना कमी फटका, हे लक्षात घेऊन सरासरी घट केवळ ३ टक्के धरली तरी १६० कोटी लिटर होतात, आणि १०० रुपये लिटरने १६,००० कोटी रुपये. हा माझा कागदावरचा अंदाज आहे. मंत्रालयाकडे याहून चांगली माहिती आहे आणि ती प्रसिद्ध करावी. पण वर्षाला ४३,००० कोटींची बचत सांगताना ग्राहकाने भरलेल्या या रकमेचा उल्लेखही होऊ नये, इतकी ती लहान नक्कीच नाही.

ई-२० स्वस्त का नाही, याचे उत्तर मंत्रालयाने दिले आहे आणि ते प्रामाणिक आहे असे मला वाटते. समितीने अहवाल लिहिला तेव्हा इथेनॉल पेट्रोलपेक्षा स्वस्त होते, आता नाही. वाहतूक आणि जीएसटी धरून २०२४-२५ च्या पुरवठा वर्षात तेल कंपन्यांना ते सरासरी ७१ रुपये ३२ पैसे लिटरने पडले, शुद्ध केलेल्या पेट्रोलपेक्षा महाग. मक्यापासूनच्या इथेनॉलचा दर २०२१-२२ मधल्या ५२ रुपये ९२ पैशांवरून ७१ रुपये ८६ पैशांवर गेला. ठीक. म्हणजे हे मिश्रण आज स्वस्त पडते म्हणून चाललेले नाही. शेतकऱ्याला भाव, परकीय चलनाची बचत आणि हवेची काळजी या तीन राष्ट्रीय कारणांसाठी चालले आहे. माझा आक्षेप एवढाच की राष्ट्रीय कारणाचा खर्च राष्ट्रीय तिजोरीने उचलावा. तो जुन्या दुचाकीवाल्याकडून, त्याला न सांगता वसूल करणे बरोबर नाही. ज्याला नवी गाडी घेणे परवडते त्याला १-२ टक्क्यांचा फटका आणि ज्याला परवडत नाही त्याला त्याच्या दुप्पट-तिप्पट, असा हा भार वाटला गेला आहे.

गाडीच्या सुट्या भागांचा प्रश्न वेगळा. कर्वे रस्त्याच्या मागच्या गल्लीत एक गॅरेज आहे, तिथे माझी गाडी जाते. पावसाळ्यानंतर तिथल्या मिस्त्रींनी एका जुन्या स्कूटरचा कार्ब्युरेटर उघडून दाखवला. फ्लोट चेंबरच्या तळाला पाण्याचा थर, त्यावर हिरवट-पांढरी साय, ओ-रिंग फुगून बोटाने दाबली तर लुसलुशीत लागणारी, आणि पेट्रोलची नळी जिथे क्लिपखाली येते तिथे बारीक चिरा. गाडी दोन महिने उभी होती. इथेनॉल पाणी ओढून घेते हे रसायनशास्त्र सगळ्यांना माहीत आहे, आणि पाणी ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाला बसतात, हेही. टाकी धुणे, नळी, ओ-रिंग, नीडल, मजुरी मिळून त्या मालकाचे बाराशे रुपये झाले. मिस्त्री म्हणाले, ‘‘साहेब, रोज चालणाऱ्या गाडीला फारसं काही होत नाही. उभी राहणारी गाडी येते माझ्याकडे.’’ असे सरळ, मोजके वाक्य मला मंत्रालयाच्या कुठल्याही निवेदनात सापडले नाही.

मंत्रालयाने म्हटले होते की काही जुन्या गाड्यांत २०,००० ते ३०,००० किलोमीटरनंतर रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागतील, ते स्वस्तात होते आणि नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये उरकते. मान्य करू. पण हे सांगायला ऑगस्ट २०२५ उजाडावा लागला, आणि तेही लोक ओरडू लागल्यावर. तोवर देशभर ई-२० मिळू लागले होते. एप्रिल २०२३ पासून बनणाऱ्या गाड्या ई-२० सोसतील अशा साहित्याच्या असाव्यात आणि एप्रिल २०२५ पासून त्यांची इंजिनेही त्यासाठी जुळवलेली असावीत, असा आराखडा होता. म्हणजे त्याआधीच्या गाड्या वेगळ्या आहेत हे सरकारला ठाऊक होतेच. कितीतरी गाड्यांच्या माहितीपुस्तिकेत कमाल ई-१० वापरा असे छापलेले आहे. कंपनीने एक छापले, पंपावर दुसरे मिळाले. अशा गाडीचे इंजिन बिघडले तर वॉरंटी कोणी द्यायची, विम्याच्या दाव्याचे काय, याबद्दल माणसाला आजही विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर राहावे लागते. हे लेखी हवे. प्रत्येक कंपनीने आपल्या कुठल्या मॉडेलला, कुठल्या सालापासून ई-२० चालते, कुठले भाग बदलायचे आणि ते किती रुपयांना मिळतील, याची यादी मराठीसह सर्व भाषांत प्रसिद्ध करावी, असा आदेश सरकार काढू शकते. भाग बदलण्याचा खर्च खरोखरच किरकोळ असेल, तर तो एकदा सरकारने किंवा कंपनीने सोसावा.

निवडीचा मुद्दा सर्वोच्च न्यायालयातही गेला होता. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय आणि पंपावर स्पष्ट सूचना, अशी मागणी करणारी याचिका १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली गेली. न्यायालयाचा मान राखूनच सांगतो, की न्यायालयाने आदेश दिला नाही म्हणून मंत्रालयाचे हात बांधले जात नाहीत. इथेनॉल नसलेले पेट्रोल ज्याला हवे त्याच्यासाठी मोठ्या शहरांतल्या मोजक्या पंपांवर शंभर ऑक्टेनचे पेट्रोल मिळते, लिटरला दीडशे रुपयांच्या वर. दूध घालणारा, शाळेचा शिक्षक किंवा घरोघरी गॅस सिलिंडर पोहोचवणारा ते घेईल का?

आम्हाला ब्राझीलचे उदाहरण वारंवार दिले जाते. तिथे २७ टक्के मिश्रण वर्षानुवर्षे चालले आणि ऑगस्ट २०२५ पासून ३० टक्के झाले, हे खरे. पण ब्राझीलची गोष्ट एवढीच नाही. तेलाच्या पहिल्या धक्क्यानंतर १९७५ मध्ये त्यांनी अल्कोहोल कार्यक्रम सुरू केला. ऐंशीच्या दशकात तिथे केवळ इथेनॉलवर चालणाऱ्या गाड्या भरपूर विकल्या गेल्या. मग दशकाच्या शेवटी साखरेचे भाव चढले, कारखाने साखरेकडे वळले, इथेनॉलचा तुटवडा पडला आणि त्या गाड्यांचे मालक पंपांवर रांगा लावून उभे राहिले. लोकांचा विश्वास असा उडाला की इथेनॉल गाड्यांची विक्री कोसळली. तो विश्वास परत आला २००३ नंतर, दोन्ही इंधने कुठल्याही प्रमाणात घेणाऱ्या फ्लेक्स गाड्या आल्यावर. आज तिथल्या पंपावर दोन इंधने, दोन दर, ठळक अक्षरांत असतात. इथेनॉलचा दर पेट्रोलच्या ७० टक्क्यांच्या आत असेल तर ते घ्यायचे, नाहीतर पेट्रोल घ्यायचे, हा हिशेब तिथला वाहनचालक स्वतः करतो. कमी ऊर्जेची किंमत तिथे दरात दिसते. मिश्रणाचा टक्का आपण ब्राझीलकडून घेत आहोत, तर ही दोन दरांची पाटीही घ्यावी.

आता शेताकडे येतो, कारण शेतकऱ्याच्या नावाने हे सगळे चालले आहे.

७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने उसाचा रस आणि पाकापासून इथेनॉल बनवायला अचानक बंदी घातली. पाऊस कमी झाला होता, साखरेचे भाव वाढतील अशी भीती होती. हंगाम सुरू होऊन महिना झाला होता. आठवड्याभरात ती बंदी सैल करून १७ लाख टन साखरेइतकी मर्यादा घातली, आणि सगळे निर्बंध उठायला पुढचा ऑगस्ट उजाडला. सरकारच्याच व्याज सवलतीच्या भरवशावर ज्या सहकारी कारखान्यांनी कर्ज काढून आसवन्या उभारल्या, त्यांचे हप्ते मात्र थांबले नव्हते. त्या वर्षी आमच्या गावात जो तो विचारत होता की सरकारला इथेनॉल हवे आहे की नको.

दरांचेही तसेच. उसाची एफआरपी २०२२-२३ मध्ये टनाला ३,०५० रुपये होती, २०२५-२६ मध्ये ३,५५० झाली. ती वाढायलाच हवी होती. पण उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलचा दर २०२२-२३ मध्ये जो ६५ रुपये ६१ पैसे ठरला तो पुढची वर्षे तिथेच राहिला. बी-हेवी मळीच्या (जास्त साखर उरलेल्या मळीच्या) इथेनॉलचा ६० रुपये ७३ पैसे हा दरही हलला नाही. साखरेची किमान विक्री किंमत फेब्रुवारी २०१९ पासून २०२५ पर्यंत किलोला ३१ रुपयेच राहिली. दरम्यान मक्याला वाढीव दर मिळत गेला. परिणाम दिसतो आहे: २०२५-२६ साठी तेल कंपन्यांनी सुमारे १,०५० कोटी लिटर मागितले, देशभरातून १,७७६ कोटी लिटरचे देकार आले, आणि वाटपात उसाचा हिस्सा जेमतेम २८ टक्के. ज्या उसासाठी हा कार्यक्रम सुरू झाला तो आता मागच्या बाकावर आहे, आणि कर्ज काढून बांधलेली क्षमता पडून आहे. पेट्रोल भरताना जास्त पैसे मोजणाऱ्याला आपण ऊस उत्पादकाला मदत करतो आहोत असे वाटते. त्याला खरे चित्र सांगायला हवे.

मक्याकडे वळण्याचाही खर्च आहे आणि तो मराठवाडा-विदर्भाच्या पदरात पडतो. आपला देश मका निर्यात करायचा. २०२४ मध्ये तो निव्वळ आयातदार झाला. कोंबडीखाद्याचा खर्च चढला. दुसरीकडे धान्यापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा चोथा, ज्याला डीडीजीएस म्हणतात, स्वस्तात बाजारात आला आणि कोंबडीखाद्यात त्याने सोयापेंडीची जागा घ्यायला सुरुवात केली. सोयाबीनचा भाव पेंडीवर चालतो. २०२४-२५ मध्ये सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि लातूर, अकोला, वाशीमच्या बाजार समित्यांत शेतकरी त्याच्या बराच खाली विकत होता. भाव पडायला खाद्यतेलाची आयात, जगातले विक्रमी पीक अशी इतर कारणेही होती. पण डीडीजीएस हे त्यातले एक कारण आहे, आणि ते आपल्याच धोरणातून आले आहे. शेतकऱ्यांच्या हाती जातील असे सांगितलेल्या ४०,००० कोटींच्या शेजारी सोयाबीन उत्पादकाच्या हातून निसटलेली रक्कमही लिहायला हवी.

तांदळाचेही सांगायला हवे. अन्न महामंडळाचा तांदूळ २०२५ मध्ये इथेनॉलसाठी क्विंटलला २,२५० रुपयांनी दिला गेला, ५२ लाख टनांपर्यंत. महामंडळाला तोच तांदूळ किलोला ४० रुपयांच्या आसपास पडतो. गोदामे भरून वाहत होती, तांदूळ ठेवण्यालाही खर्च येतो, हे मान्य. तरी फरकाची रक्कम हजारो कोटींची आहे आणि ती करदात्याची आहे. ती इथेनॉलच्या खात्यावर लिहावी.

पाण्याबद्दल जास्त लिहीत नाही. त्याच तज्ज्ञ समितीच्या अहवालात उसापासून एक लिटर इथेनॉल मिळवायला सुमारे २,८६० लिटर पाणी लागते असे म्हटले आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, आणि त्या वेळीही त्या जिल्ह्यात ऊस आणि कारखाने होते. परदेशी तेलाच्या जागी आपण इथले पाणी खर्च करत असू, तर ते कुठल्या खोऱ्यातले, हा प्रश्न प्रत्येक नव्या आसवनीला परवानगी देताना विचारला जावा. ठिबकवरचा ऊस, मळी आणि खराब झालेले धान्य यांपासूनच्या इथेनॉलला चांगला दर द्या. पाटपाण्यावरच्या उसाला तोच दर देऊ नका. माझ्या भावाला हे आवडणार नाही. तरी लिहितो.

मंत्रिमहोदय, हवेचा फायदा मी नाकारत नाही. पेट्रोलच्या तुलनेत उसापासूनच्या इथेनॉलचे हरितगृह वायू ६५ टक्के आणि मक्यापासूनचे ५० टक्के कमी, हे नीती आयोगाच्या अभ्यासाच्या हवाल्याने मंत्रालयानेच सांगितले आहे. साध्या पेट्रोलकडे परत जाणे म्हणजे कमावलेले गमावणे, असेही मंत्रालय म्हणते. पण परत जा असे मी म्हणतच नाही. नव्या गाड्यांना ई-२० द्या, त्याहून जास्तही द्या, फ्लेक्स इंजिने आणा, आणि त्या इंधनाचा दर त्यातल्या ऊर्जेइतका ठेवा; लोक रांगा लावून घेतील. जुन्या गाड्या दरवर्षी कमी होत जाणार आहेत. दहा-बारा वर्षे त्यांच्यासाठी ई-१० चा एक नोझल ठेवणे हा काही न पेलणारा भार नाही. वेगळी टाकी, वेगळा नोझल लागतो, अशी अडचण सांगितली जाते. पण जास्त ऑक्टेनचे महाग पेट्रोल विकायला तीच व्यवस्था कंपन्यांनी शेकडो पंपांवर केली आहे. प्रत्येक पंपावर नको, तालुक्याला दोन पंप दिले तरी चालेल.

ऑगस्ट २०२५ मधल्या निवेदनात मंत्रालयाने म्हटले होते की सध्याचा आराखडा ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ई-२० चाच आहे आणि पुढचा निर्णय विचारविनिमयानंतर होईल. त्या विचारविनिमयात आतापर्यंत वाहन कंपन्या, तेल कंपन्या, कारखाने आणि आसवन्या होत्या. ज्याच्या टाकीत हे इंधन जाते तो नव्हता. त्याला बोलवा. २० टक्क्यांच्या पुढे पाऊल टाकण्याआधी, सालानुसार आणि मॉडेलनुसार झालेल्या चाचण्यांचे सगळे निष्कर्ष, परकीय चलनाच्या बचतीतून ग्राहकाचा वाढीव खर्च, तांदळावरची सूट, व्याज सवलत आणि सोयाबीन-मक्यावरचा परिणाम वजा करून उरणारा निव्वळ आकडा, आणि जुन्या गाड्यांसाठी ई-१० कुठे व कधीपासून मिळेल त्याची तारीख, हे सारे संसदेपुढे ठेवा. निव्वळ आकडा तरीही फायद्याचाच निघेल असे माझे मत आहे. तो निघाला तर त्यातला वाटा लिटरमागे दोन-तीन रुपयांच्या सवलतीने ई-२० भरणाऱ्याला द्या. समितीने २०२१ मध्ये हेच सांगितले होते आणि त्याला नवा कायदा लागत नाही.

या पत्राचे उत्तर मला व्यक्तिशः नको. ते पंपावर, दराच्या पाटीवर द्यावे.

कळावे.

आपला नम्र,
वाळवे तालुक्यातला एक ऊस उत्पादक आणि पुण्यातला एक दुचाकीस्वार